खेकड्याच्या मिशा आणि समुद्राचा पीएच

प्रश्न (गुहागरहून एक आजोबा लिहितात): मे महिन्यात नातवंडांना घेऊन ओहोटीला खडकांवर गेलो होतो. शंखात राहणारे खेकडे पुष्कळ दिसले, पण बऱ्याच जणांचे शंख फुटके, भोकं पडलेले. एक तर इतक्या लहान शंखात बसला होता की निम्मा बाहेरच. नातू म्हणाला, ‘आजोबा, समुद्राचं अ‍ॅसिड होतंय, त्यात शंख विरघळतायत.’ मोबाइलवर त्याने तसा व्हिडिओ पाहिलाय. हे खरं का? आणि खरं असेल तर त्या खेकड्यांचं पुढे काय?

उत्तर: नातवाचं निम्मं बरोबर आहे. चुकलेलं निम्मं व्हिडिओवाल्याच्या खात्यावर टाका.

तुम्ही पाहिलेले शंख आम्लीकरणाने फुटलेले नाहीत. हा खेकडा, पुस्तकांत ज्याला संन्यासी खेकडा म्हणतात, तो स्वतःचा शंख तयार करत नाही. समुद्री गोगलगाय मेली की तिचा रिकामा शंख मिळवायचा, अंग वाढलं की त्याहून मोठा शोधायचा, अशी त्याची आयुष्यभर धडपड. तोच शंख एका खेकड्याकडून दुसऱ्याकडे जातो, लाटांत आपटतो, बारीकसारीक प्राणी त्याला पोखरतात. त्यात आपण माणसं सुट्टीत पिशव्या भरभरून शंख घरी नेतो आणि शोकेसमध्ये ठेवून विसरतो. मग चांगल्या शंखांची टंचाई झाली तर नवल काय? जमिनीवर राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची तर आणखी कमाल. २०२४ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो चाळले, तेव्हा माणसाने टाकलेली वस्तू शंख म्हणून वापरणारे ३८६ खेकडे त्यांना सापडले. बहुतेकांच्या पाठीवर प्लास्टिकचं बूच होतं.

आता समुद्राकडे वळू. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दहा लाखांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय. आपण दरवर्षी जेवढा सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल होतं, हायड्रोजनचे आयन सुटतात आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, उतरतो. आयन जितके जास्त, तितका हा आकडा खाली. वरच्या थरातल्या पाण्याचा सरासरी पीएच ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्या घरात आलाय. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण पीएचचं माप लॉगॅरिथमचं आहे. ०.१ ने उतरला की आयन पाव पटीने वाढतात, ०.३ ने उतरला की दुप्पट होतात. उत्सर्जनाला लगाम बसला नाही तर शतकाच्या अखेरीस तो ७.७ ते ७.८ पर्यंत येईल असा अंदाज आहे. तेव्हाही तो ७ च्या वरच असेल, म्हणजे समुद्र अल्कधर्मीच राहील. नातवाला एवढं नक्की सांगा, नाहीतर पोरगं पाण्यात पाय घालायला घाबरायचं.

खेकड्यांच्या कवचाची मला व्हिडिओवाल्याइतकी धास्ती वाटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत अठरा प्रकारचे समुद्री जीव कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात ठेवून पाहिले. कालवं आणि शिंपले यांची चुना धरण्याची गती मंदावली. निळा खेकडा, शेवंड आणि कोळंबी यांची मात्र चक्क वाढली! खेकड्याच्या कवचावर सर्वांत बाहेर चुना नसलेला सेंद्रिय पापुद्रा असतो, आणि कवचाखालच्या द्रवाचा पीएच त्याला बऱ्यापैकी सांभाळता येतो. अर्थात हे फुकटात होत नाही. कल्ल्यांमधून आयन आत-बाहेर करायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीच्या नाहीतर फिरण्याच्या वाट्यातून जाते.

मग बिघडतं काय? वागणं बिघडतं. ही गोष्ट व्हिडिओत नीट दाखवता येत नाही, म्हणून तिची चर्चा कमी.

पुढच्या वेळी नातवाला घेऊन एखाद्या डबक्याशी उकिडवे बसा आणि सावली पडू देऊ नका. खेकड्याच्या डोळ्यांच्या मध्ये दोन बारीक, आखूड मिशा असतात. बाजूच्या लांबलचक मिशा वेगळ्या, त्या चाचपायला. या आखूड मिशा तो सारख्या झटकत असतो. टोकाला सूक्ष्म केसांचे झुबके असतात. मिशी झपकन खाली येते तेव्हा केस फाकतात आणि त्यांच्यामधलं पाणी बदलतं. हे त्याचं हुंगणं. खाणं कुठे आहे, शत्रू जवळ आहे का, मादी कुठे आहे, शेजारी एखादी गोगलगाय मेली का, ही सगळी खबर त्याला पाण्यातल्या वासावरून लागते. रिकामा शंख सापडला की तो आधी पायांनी बाहेरून चाचपतो, उलटासुलटा करतो, नांगी आत घालून कुठवर जाते ते पाहतो, आत वाळू असेल तर काढून टाकतो. मग दोन्ही शंखांची तोंडं जवळ आणतो आणि पोटाचा मऊ, पीळदार भाग क्षणात इकडून तिकडे नेतो. पुष्कळदा तो नव्या शंखात शिरतो, आत हलून-डुलून बघतो आणि पुन्हा जुन्यात परत येतो. मी रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवत असताना मुलांना मिऱ्याच्या बाजूला खडकांवर न्यायचे. बाकी काही न बघता मुलं हेच बघत बसायची, आणि मी त्यांना तिथून उठवायचे नाही.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात मार्क ब्रिफा यांच्या गटाने २०११ मध्ये नेमकी हीच निवड तपासली. पॅग्युरस बर्नहार्डस हा तिकडच्या किनाऱ्यावरचा नेहमीचा संन्यासी खेकडा. त्याला मुद्दाम गैरसोयीच्या शंखात ठेवलं आणि समोर सोयीचा शंख ठेवला. साध्या समुद्राच्या पाण्यातल्या खेकड्यांनी शंख बदलला. पीएच ६.८ पर्यंत उतरवलेल्या पाण्यातल्यांपैकी बदलणारे कमी निघाले, आणि ज्यांनी बदलला त्यांनी जास्त वेळ घेतला. त्यांचं मिशा झटकणंही कमी झालं होतं. पुढच्या वर्षी त्याच गटाने खाण्याचा वास सोडून पाहिला. कमी पीएचच्या पाण्यातले खेकडे वासाचा उगम शोधण्यात मागे पडले आणि एकूण हालचालीतही मंदावले. खेकडा जिवंत होता, शंखही शाबूत होता. समोरचा शंख आपल्या कामाचा आहे हे मात्र त्याच्या वेळेवर लक्षात येत नव्हतं.

इथे मी वाचकांना एक चिमटा काढते. ६.८ हा आकडा पुन्हा वाचा. आजच्या समुद्रापेक्षा हे पाणी सुमारे वीस पट जास्त हायड्रोजन आयनांचं आहे. खुल्या समुद्राचा पीएच शतकाच्या अखेरीस इतका खाली जाईल असं कोणी म्हणत नाही. हवेत जाऊ नये म्हणून माणसाने समुद्रतळाखाली साठवलेला कार्बन डायऑक्साइड गळला तर त्या जागेपुरता जाऊ शकतो. तेव्हा ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, खेकड्यांची अक्कल गेली’ अशी बातमी वाचली की आधी विचारायचं: कोणत्या पीएचला?

दुसरी अडचण तुमच्या त्या डबक्यातच आहे. ओहोटीला समुद्रापासून तुटलेल्या डबक्यात दिवसा शेवाळं प्रकाशसंश्लेषण करतात, कार्बन डायऑक्साइड संपवतात, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, पीएच उतरतो. चोवीस तासांत एका पूर्ण अंकाहूनही जास्त चढउतार होऊ शकतो. म्हणजे खडकांवरच्या खेकड्याचे पूर्वज असल्या पाण्याला कधीचे सरावलेत. मला तरी यात दिलासा वाटतो, पण पुरता नाही. रात्रीचा उतार जितका खोल जातो तो समुद्राच्या मूळ पाण्यापासून मोजला जातो. मूळ पाणीच खाली सरकलं की रात्रीचा तळही खाली सरकतो.

आता जरा वास्तवातल्या आकड्यांकडे. हल विद्यापीठात क्रिस्टिना रोगाट्झ आणि योर्ग हार्डेगे यांच्या गटाने २०१६ मध्ये ७.७ च्या पीएचला काम केलं. त्यांचा प्राणी युरोपातला किनारी खेकडा, कार्सिनस मिनास. याची मादी अंडी पोटाखाली धरते आणि पोट हलवून त्यांना ताजं पाणी देत राहते. तिला हे करायला लावणारा संकेत म्हणजे अंड्यांकडून येणारे लहानसे पेप्टाइड रेणू, प्रथिनांच्या बारीक तुकड्यांसारखे. पाण्यात हायड्रोजन आयन वाढले की त्यातले काही या रेणूंना चिकटतात, रेणूवरचा विद्युतभार बदलतो आणि त्यासोबत त्याचा आकारही. ओळखीच्या माणसाला सर्दी झाली की फोनवर आवाज पटकन ओळखू येत नाही, तसं मादीचं होतं: संकेत येतोय, पण तो आपल्या अंड्यांचा आहे हे कळायला तो जास्त तीव्र लागतो. इथे खेकड्याच्या मेंदूत किंवा मिशीत काहीही बिघडलेलं नसलं तरी निरोप पोचत नाही. सगळ्या स्पष्टीकरणांत मला हे सर्वांत पटतं, कारण ते साध्या रसायनशास्त्रावर उभं आहे आणि खेकड्याच्या मनःस्थितीबद्दल काही गृहीत धरत नाही.

इतकी सावधगिरी मी उगाच बाळगत नाही. माशांच्या बाबतीत हात पोळलेले आहेत. २००९ च्या सुमारास प्रवाळातल्या क्लाउनफिशवरचे प्रयोग खूप गाजले: पीएच उतरला की पिल्लं शत्रूच्या वासाकडेच पोहत जातात, असा निष्कर्ष होता. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने शेकडो प्रवाळमाशांवर तेच प्रयोग नव्याने केले, आणि तसा परिणाम दिसला नाही. खेकड्यांवरचं सगळं काम म्हणून रद्दीत जात नाही. पण एका प्रयोगावर मी तुम्हाला भविष्य सांगणार नाही.

शंखांचं नातवाने म्हटलेलं एक मात्र दुसऱ्या वाटेने खरं ठरू शकतं. प्लिमथलाच २००७ मध्ये किनाऱ्यावरच्या लिटोरिना गोगलगायींवर प्रयोग झाला. खेकड्याचा वास आला की ही गोगलगाय आपला शंख जाड करायला लागते. पीएच बराच उतरवलेल्या पाण्यात तिला ते जमेना. त्याऐवजी ती पाण्याबाहेर सरपटत जायला लागली. आज गोगलगाय पातळ शंख बनवत असेल, तर उद्या तोच शंख खेकड्याच्या वाट्याला येणार. शिवाय गोगलगाय जिवंत असेपर्यंत शंखाची डागडुजी करते. खेकड्याला ती करता येत नाही.

प्रश्न (उरणहून इयत्ता नववीतली एक वाचक): विज्ञान प्रदर्शनासाठी मला समुद्राच्या आम्लीकरणाचा प्रयोग करायचाय. बादलीत समुद्राचं पाणी, त्यात खेकडे आणि थोडं थोडं व्हिनेगर असं चालेल का?

उत्तर: नाही चालणार, बाळा. व्हिनेगर नको आणि बादलीतले खेकडेही नकोत.

व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल असतं, त्याला स्वतःचा वास आहे. ज्या प्राण्याचं सगळं जग वासावर चालतं, त्याच्याजवळ व्हिनेगर ओतून ‘तो गोंधळला’ असं लिहिलंस, तर परीक्षक विचारतील, आम्लाने गोंधळला की वासाने? तुझ्याकडे उत्तर नसेल. आणि समुद्रात जे घडतंय ते कार्बन डायऑक्साइड विरघळून घडतंय. तिथे पाण्यातलं बायकार्बोनेट वाढतं. बाहेरून आम्ल ओतलं तर ते कमी होतं. पीएच सारखा दिसला तरी पाणी सारखं नसतं. प्रयोगशाळेत यासाठी सिलिंडरमधून वायूचे बुडबुडे सोडतात आणि पीएच सतत मोजत राहतात. बाजारातल्या कागदी पट्टीवर ८.१ आणि ७.८ मधला फरक तुला दिसणारच नाही.

त्यापेक्षा तुझ्या प्रदर्शनाचे दोन भाग कर. पहिला भाग घरात, प्राण्यांशिवाय. जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात ठेव, त्याचं रंगीत पाणी गाळून घे. दोन ग्लासांत समुद्राचं पाणी घेऊन दोन्हींत ते सारखं घाल, निळसर रंग येईल. एका ग्लासात स्ट्रॉने फुंकत राहा, तोंडात पाणी ओढू नकोस. तुझ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग जांभळ्याकडे झुकेल. दुसरा ग्लास तसाच शेजारी ठेव, नाहीतर लोकांना फरक कळत नाही.

दुसरा भाग किनाऱ्यावर. पसरट, उथळ ट्रे घे, खेकडा ज्या डबक्यात आहे त्याच डबक्यातलं पाणी त्यात भर, ट्रे सावलीत ठेव. एक शंखातला खेकडा हळूच उचलून ट्रेमध्ये ठेव आणि त्याने शंखाबाहेर डोकं काढेपर्यंत हलू नकोस. अर्ध्या मिनिटात तो आखूड मिशा किती वेळा झटकतो ते मोज. डोळ्यांनी जमत नसेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घे. मग घरून आणलेल्या सुकटीचं भिजवलेलं पाणी ट्रेच्या कोपऱ्यात दोन-तीन थेंब सोड आणि पुन्हा मोज. आकडा बहुतेक वाढलेला दिसेल. आईला सुकट कशाला हवीय ते आधीच सांगून ठेव. नंतर दुसऱ्या खेकड्यासमोर वेगवेगळ्या मापांचे चार-पाच रिकामे शंख ठेव, कोणता आधी तपासतो, कुठे नांगी घालतो, कितव्या शंखात शिरतो ते वेळेसह लिही. तुझ्या तक्त्यावर ‘आम्लीकरणाने हे बिघडतं’ असं लिहू नकोस. ‘आम्लीकरणाचे प्रयोग खेकड्याच्या याच वागण्यावर केले जातात’ असं लिही. ते खरं आहे, आणि परीक्षकांना तेच जास्त आवडेल.

खेकड्याला शंखातून ओढून काढायचा प्रयत्न कधीही करायचा नाही. तो आत इतका घट्ट धरून बसतो की सोडण्याआधी त्याचं अंग फाटतं. काम झालं की ज्या डबक्यातून घेतलास त्याच डबक्यात सोड, शंखही तिथेच ठेव. भरती-ओहोटीची वेळ बघून, ओहोटीच्या शेवटच्या तासाभरात, घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच जा. पावसाळ्यात खडकांवर पाय ठेवायचा नाही, शेवाळं निसरडी असतात आणि लाट सांगून येत नाही.

प्रश्न (ठाण्याच्या एक गृहिणी): चिंबोऱ्या भलत्याच महागल्यात आणि घरी आणून फोडल्या तर आत निम्मं पाणी. तुमच्या या आम्लीकरणाचाच प्रताप का?

उत्तर: ताई, यात आम्लीकरणाला गोवू नका. भाव वाढण्याला खारफुटी कमी होणं, खाड्यांत सोडलेलं सांडपाणी आणि जिवंत चिंबोरीला परदेशातून असलेली मागणी एवढी कारणं पुरेशी आहेत. आतल्या पाण्याचं कारण म्हणजे कात. कवच टाकून नवं मोठं कवच घेतल्यावर चिंबोरी काही काळ आतून पोकळ असते, मांस नंतर भरतं. कोकणात घरोघरी अमावस्या-पौर्णिमेचा हिशेब सांगतात तो याच पोकळ-भरलेल्याचा.

खाडीतली चिंबोरी पीएचच्या बाबतीत तशी कणखर. पावसाळ्यात गोडं पाणी, उन्हाळ्यात खारं, दिवसातून दोनदा भरती, असल्या पाण्यात तिची हयात जाते. पण तिची मादी अंडी सोडायला खुल्या समुद्राकडे जाते आणि पिल्लं तिथे तरंगत वाढतात. पिल्लांचं पाणी वेगळं आणि त्यांची ताकदही वेगळी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस नावाचा खेकडा आहे, तिकडच्या मच्छीमारांचा मोठा आधार. २०२० मध्ये त्याच्या पिल्लांच्या कवचावर, आत्ताच्या समुद्रात, झिजल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्यासोबत स्पर्श जाणणारे बारीक केसही खराब झालेले दिसले. २०२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की आम्लता वाढवलेल्या पाण्यात मोठ्या डंजनेस खेकड्यांचं मिशा झटकणं कमी होतं आणि खाण्याचा वास ओळखायला तो जास्त तीव्र लागतो. त्या किनाऱ्यावर खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी ठरावीक ऋतूत वर येतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढतं, आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त, पीएच कमी. तेव्हा आपल्याकडे आधी पाहायला हवं ते खेकड्यांच्या पिल्लांकडे. तुमच्या पातेल्यातल्या चिंबोरीला त्यातून वगळा.

बाजारात घेताना चिंबोरी उलटी करून पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबून पाहा. दबलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, कोळीणबाईंनी कितीही शपथा घेतल्या तरी परत ठेवा. दोन सारख्या मापाच्या हातात धरा आणि जड लागेल ती घ्या.